करोडगिरीची सरहद्द : हैदराबाद संस्थानाचा वेगळा बाजार आणि गोदाकाठचा व्यापार

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव आज टेकडीवरील त्वरितादेवीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. सप्टेंबर १९४८ पर्यंत मात्र हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे सरहद्दीपलीकडच्या लोकांच्या बोलीत ‘मोगलाईत’ होते, आणि त्यामुळे ज्याची स्वतःची जकात, स्वतःचे नाणे आणि स्वतःचे पंचांग होते अशा एका वेगळ्या आर्थिक प्रदेशाचा भाग होते. गोदावरीच्या दक्षिणेकडील या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात कापूस, ज्वारी, बाजरी आणि तूर पिके, तर मीठ, लोखंड, रॉकेल, काड्यापेट्या आणि गिरणीचे कापड बाहेरून येई. म्हणजे विकायचा कापूस आणि विकत घ्यायचे मीठ या दोहोंसाठी गावाला संस्थानाबाहेरच्या बाजाराशी संबंध ठेवावाच लागे. एखाद्या देशाने सामाईक बाजारातून अंग काढून घेतले म्हणजे काय होते, हा प्रश्न अलीकडे ब्रिटनच्या निमित्ताने जगभर चर्चिला गेला. मराठवाड्याने त्याचा अनुभव १९४७-४८ च्या तेरा महिन्यांत घेतला होता, आणि त्याची पूर्वतयारी त्याआधीची दीडशे वर्षे चालू होती.

अशा संबंधांचे दोन प्रकार येथे वेगळे करणे आवश्यक आहे. सदस्य प्रदेशांनी आपापसांतील मालावर जकात घ्यायची नाही, एवढ्यापुरता करार असेल तर त्याला मुक्त व्यापार क्षेत्र म्हणतात. आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांनी एकाच दराने जकात घ्यायची, असेही ठरले असेल तर त्याला जकात संघ म्हणतात. हैदराबादची स्थिती या दोहोंत बसणारी नव्हती. संस्थानाला समुद्रकिनारा नसल्यामुळे परदेशी माल मुंबईसारख्या ब्रिटिश बंदरांतूनच येई आणि तेथे त्यावर ब्रिटिश हिंदुस्थानची सागरी जकात आधीच भरलेली असे. तोच माल संस्थानाच्या हद्दीत शिरताना त्यावर निजामाची जकात पुन्हा बसे. बाहेरची भिंत सामाईक, पण आतही एक भिंत उभी, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या उत्पन्नात संस्थानाला वाटा नाही, असा तो विचित्र संसार होता.

या आतल्या जकातीला ‘करोडगिरी’ म्हणत आणि तिचा पाया १८०२ साली ईस्ट इंडिया कंपनी व निजाम यांच्यात झालेल्या व्यापारी तहात होता. या तहाने वाटोवाट घेतल्या जाणाऱ्या राहदारीला, म्हणजे माल नुसता एका प्रदेशातून पुढे नेण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या कराला, आळा घालून मालाच्या किमतीवर शेकडा पाच एवढी जकात मान्य केली. पुढे दरांत आणि मालांच्या याद्यांत फेरफार झाले, निर्यातीच्या मालावरही जकात बसली. तरी शेकडा पाच हे तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या उलथापालथीतून टिकून राहिले. दर वरवर पाहता जड नाही, आणि संस्थानाचे समर्थक तसेच म्हणत. परंतु करोडगिरीचा खरा भार दरापेक्षा नाक्यावर होता. नाक्यावर गाडी थांबवायची, गोणी उतरवून मोजायची, नाकेदाराने मालाची किंमत ठरवायची, ती पटली नाही तर हुज्जत घालायची आणि शेवटी उर्दूत लिहिलेली पावती घेऊन बैल जुंपायचे, या सगळ्यात जो वेळ जाई आणि जी चिरीमिरी जाई, त्यांचा आकडा कोणत्याही दरपत्रकात नसे.

त्यात नाण्याची भर पडे. संस्थानाचा ‘हाली सिक्का’ आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा ‘कलदार’ रुपया यांचा अधिकृत दर १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदारांस सात हाली, असा होता. नगरच्या पेठेतून १०० कलदारांचे कापड मोगलाईत आणणाऱ्या व्यापाऱ्याच्या वहीत मालाची किंमत म्हणून ११६ रुपये १० आणे ८ पै हाली लिहिली जाई आणि शेकडा पाचप्रमाणे करोडगिरी ५ रुपये १३ आणे ४ पै हाली होई; त्यावर बट्टा, म्हणजे एक नाणे देऊन दुसरे घेताना सराफाने कापून घेतलेली रक्कम, वेगळा. कर्जरोख्यात, गहाणखतात आणि हुंडीत रक्कम ‘हाली’ की ‘कलदार’ हे स्पष्ट लिहावे लागे, कारण ते न लिहिल्यास सहाव्या हिश्श्याचा वाद उभा राही. शेतकऱ्याला या गणिताशी थेट कर्तव्य नसे, पण त्याच्या कापसाला मिळणारा भाव हा मुंबईच्या कलदार भावातून भाडे, करोडगिरी, बट्टा आणि अडत वजा जाऊन उरलेला असे, आणि प्रत्येक वजावटीचा हिशेब करणारा माणूस त्याच्यापेक्षा अधिक शिकलेला असे.

ही सरहद्द एखाद्या नदीसारखी सरळ वाहत नव्हती. नगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्याची गावे निजामाच्या मुलखात विखुरलेली होती. १७९५ च्या लढाईमुळे इतिहासात नाव राहिलेले खर्डा हे त्याच तालुक्यातले आणि मोगलाईच्या तोंडावरचे गाव. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी ही तर तीन बाजूंनी संस्थानी मुलखाने वेढलेली ब्रिटिश पेठ होती आणि बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील कापूस व गळिताची धान्ये ओढून घेण्यावरच तिची भरभराट झाली. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद मापाची गाडी पुढे १९११ साली लातूरपर्यंत, म्हणजे थेट संस्थानाच्या पोटात गेली, यावरून त्या ओढीचा जोर दिसतो. मालाला वाट दिसली की तो जकातीची फिकीर करीत नाही, फक्त तिची किंमत शेतकऱ्याच्या पदरात बांधतो.

गेवराईच्या बाजूला ही सोय नव्हती. उत्तरेला गोदावरी, तिच्यापलीकडे शहागडवरून जालन्याची वाट. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा रेल्वेमार्ग पूर्ण झाल्यावर जालना ही मराठवाड्याची मोठी कापूसपेठ बनली आणि दक्षिण तीरावरच्या गाड्या तिकडे वळल्या. पूल नसलेल्या काळात पुराच्या दिवसांत ही वाट बंद पडे. शिवाय हा रेल्वेमार्ग मीटर मापाचा होता आणि मुंबईकडे जाणारा मार्ग रुंद मापाचा, त्यामुळे मनमाडला गाठी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवाव्या लागत. दुसरा संस्थानी मार्ग विकाराबादहून बीदरमार्गे परळीला येऊन पोहोचला, त्याचे तोंड स्वाभाविकपणे हैदराबादकडे होते. परळीच्या बाजूचा अपवाद सोडला तर संस्थानाच्या काळात आजच्या बीड जिल्ह्याच्या उरलेल्या भागाला रूळ दिसला नाही. रेल्वे कोठून कोठे जाते यावर त्या राज्याला कोणता बाजार आपला वाटतो हे ठरते, आणि निजामाच्या राज्याला नगर-पुण्याचा बाजार आपला वाटत नव्हता.

जकातीच्या भिंतीआड संस्थानाने काही मिळवले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. औरंगाबाद आणि नांदेड येथील कापडगिरण्या, शहाबादचा सिमेंट कारखाना, बोधनचा निजाम साखर कारखाना, सिरपूरचा कागद कारखाना हे उद्योग सरकारी भांडवलाच्या आणि १९२९ साली स्थापन झालेल्या औद्योगिक निधीच्या आधाराने वाढले, आणि १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेने संस्थानी चलनाला संस्थात्मक आधार दिला. बाजारसमित्यांच्या बाबतीत तर संस्थान मुंबई इलाख्याच्या पुढे होते : हैदराबादचा शेतमाल बाजार कायदा १९३० चा, मुंबईचा १९३९ चा. परंतु उद्योगांच्या या यादीत बीड जिल्ह्याचे नाव शोधून सापडत नाही. कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्याने करोडगिरी भरली, महाग कापड घेतले आणि गिरणी मात्र दुसरीकडे पाहिली. भिंतीचा खर्च सरहद्दीच्या जिल्ह्यांनी केला आणि सावली आतल्या शहरांना मिळाली.

१९३० च्या दशकात अखिल हिंदुस्थानच्या संघराज्याची बोलणी चालू असताना हा प्रश्न कागदावर आला. संस्थानांच्या आर्थिक संबंधांची चौकशी करण्यासाठी १९३२ साली डेव्हिडसन समिती नेमली गेली आणि संस्थानांच्या तक्रारींपैकी एक ठळक तक्रार अशी होती की, मुंबई-मद्रासच्या बंदरांत वसूल होणारी सागरी जकात शेवटी संस्थानी प्रजाही भरते, पण तिचा पैसा ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिजोरीत जातो. हैदराबादच्या वतीने वाटाघाटी करणारे सर अकबर हैदरी यांना ही बाजू मांडणे सोपे होते, कारण ती खरी होती. मात्र याच न्यायाने संस्थानाने आपली अंतर्गत जकात सोडावी असे कोणी सुचवले की तो सार्वभौमत्वाचा प्रश्न होई. करोडगिरी हे उत्पन्नाचे साधन होतेच, पण त्याहून अधिक ते राज्य स्वतंत्र असल्याचे चिन्ह होते, आणि चिन्हांची किंमत हिशेबात धरली जात नाही.

ती किंमत हिशेबात धरण्याची वेळ १९४७ साली आली. जून महिन्यात निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारत किंवा पाकिस्तान यांपैकी कोणत्याही संघात सामील न होता ब्रिटिश सत्ता जाताच आपले राज्य स्वतंत्र राहील, असे जाहीर केले. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे आणि १९४१ च्या जनगणनेनुसार १ कोटी ६३ लाख लोकांचे हे राज्य चारही बाजूंनी भारताने वेढलेले होते. बंदराशिवाय स्वातंत्र्य पोकळ आहे, हे संस्थानाच्या सल्लागारांना कळत होते. म्हणून त्या सल्लागारांपैकी सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्यामार्फत पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याचे मुरगाव बंदर मिळवण्याचे प्रयत्न झाले, पण मुरगाव मिळाले असते तरी तेथून हैदराबादला जाणारी वाट भारतातूनच जाणार होती.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. पूर्वीचे व्यवहार, दळणवळण आणि व्यापार आहे तसे चालू ठेवायचे, असा त्याचा अर्थ. म्हणजे राजकीय संबंध लोंबकळत ठेवून बाजार मात्र एक ठेवायचा. हा तोल काही आठवडेही टिकला नाही. संस्थानाचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या सरकारने दोन वटहुकूम काढले : एकाने मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंधन आले आणि दुसऱ्याने संस्थानात भारतीय चलन कायदेशीर चलन राहिले नाही. याशिवाय भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देण्यात आले. दिल्लीने हा कराराचा भंग मानला. चलनाचा वटहुकूम हैदराबादच्या दरबारात स्वाभिमानाचा विषय असेल, सरहद्दीवर तो रोजच्या गैरसोयीचा विषय होता, कारण बार्शी-नगरच्या पेठांशी व्यवहार करणाऱ्याच्या गाठीला हाली आणि कलदार दोन्ही असत आणि कालपर्यंत चालणारा कलदार आज संस्थानात दाखवणेही धोक्याचे झाले.

१९४८ च्या पूर्वार्धात माल आटू लागला. शस्त्रास्त्रांवरची बंदी भारताने उघडपणे मान्य केली. बाकीच्या मालाची नाकेबंदी केल्याचा आरोप तो नाकारीत राहिला आणि हैदराबादचे प्रतिनिधी मात्र मीठ, पेट्रोल, औषधे, इतकेच काय पण पिण्याचे पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारे क्लोरिनही सरहद्दीवर अडवले जाते अशी तक्रार करीत राहिले. दिल्लीत ठरलेले धोरण आणि सरहद्दीवरील प्रांतिक अधिकाऱ्याचा उत्साह यांत फरक पडू शकतो, हे लक्षात घेतले तर दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य असू शकते. शस्त्रे सिडनी कॉटन या वैमानिकाने कराचीहून रात्रीच्या विमानांनी आणून दिली. मीठ विमानाने येत नाही.

दुसरीकडे हैदराबाद स्टेट काँग्रेसने, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात, करोडगिरीलाच लक्ष्य केले. भारतीय हद्दीत सरहद्दीलगत उभारलेल्या कॅम्पांमधून कार्यकर्ते संस्थानात शिरत आणि करोडगिरीचे नाके, त्यांतील दप्तरासह, जाळत; शिंदीची झाडे तोडत, कारण शिंदी-ताडीवरचे अबकारी उत्पन्न हा निजामाच्या तिजोरीचा मोठा आधार होता; आणि महायुद्धापासून चालू असलेल्या लेव्हीला, म्हणजे ठरावीक भावाने सक्तीने वसूल केल्या जाणाऱ्या धान्याला, विरोध करण्यास शेतकऱ्यांना सांगत. लढ्याची ही निवड विचारपूर्वक होती. राज्याशी खेडुताची गाठ पडे ती नाका, शिंदीबन आणि लेव्हीचे माप या तीन ठिकाणी, आणि त्या तिन्ही ठिकाणी तो पैसे किंवा धान्य देऊनच परते. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, दहशतीमुळे सरहद्दीवरील गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे भारतीय हद्दीत गेली, त्यांच्याबरोबर सोने आणि रोकडही गेली. ज्या मुलखात शेती सावकाराच्या पैशावर उभी राहते तेथे पेरणीच्या तोंडावर सावकार निघून जाणे म्हणजे पतपुरवठा बंद पडणे होते.

ब्रिटनचे उदाहरण येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडला आणि संक्रमणकाळ संपल्यावर १ जानेवारी २०२१ पासून नवा करार लागू झाला, ज्यात माल तेथेच तयार झाल्याचे सिद्ध केल्यास जकात शून्य होती. तरीही तेथील अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा अंदाज दीर्घकाळात उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील असा आहे, कारण जकात गेली तरी कागद आले : मूळस्थानाचे दाखले, तपासण्या, घोषणापत्रे. शेकडा पाचची करोडगिरी आणि शून्य टक्क्यांची नवी व्यवस्था यांत नाका हा समान घटक आहे. फरक असा की, ब्रिटनने चार वर्षे वाटाघाटी करून दार लोटले आणि त्याच्याकडे समुद्र होता. हैदराबादकडे दोन्ही नव्हते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. राजकीय सरहद्द पाच दिवसांत मिटली. आर्थिक सरहद्द मिटायला वर्षे लागली, आणि ही गोष्ट मुक्तिसंग्रामाच्या लोकप्रिय इतिहासात फारशी सांगितली जात नाही. कारण साधे होते : करोडगिरी एकदम बंद केली असती तर राज्याच्या उत्पन्नात मोठे खिंडार पडले असते. व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार १ एप्रिल १९५० पासून संस्थानांचे वित्तीय एकीकरण झाले, रेल्वे, सागरी जकात, केंद्रीय अबकारी ही खाती केंद्राकडे गेली आणि राज्याची तूट काही काळ भरून देण्याचे करार झाले. राज्यघटनेच्या ३०६ व्या कलमाने तर हैदराबादसारख्या ‘ब’ वर्गातील राज्यांना केंद्राशी करार करून आपली अंतर्गत जकात काही काळ चालू ठेवण्याची मुभा दिली होती. हे कलम १९५६ साली रद्द झाले. म्हणजे प्रजासत्ताक भारतातही नगरहून येणाऱ्या गाठोड्याला बीडच्या वाटेवर काही वर्षे थांबावे लागण्याची कायदेशीर सोय होती. करोडगिरीची जागा टप्प्याटप्प्याने १९५० च्या हैदराबाद विक्रीकर कायद्याने घेतली, आणि सरहद्दीवर घेतला जाणारा कर दुकानाच्या गादीवर आला. नाकेदाराशी हुज्जत संपली, हिशेबतपासनिसाशी सुरू झाली. हाली सिक्काही तसाच हळूहळू गेला : १९५० पासून भारतीय रुपया त्याच्याशेजारी चालू लागला आणि दशक संपेपर्यंत हाली व्यवहारातून नाहीसा झाला.

सामील होण्यालाही किंमत पडली. संस्थानाचे सैन्य विसर्जित झाल्याने आणि संस्थानी नोकरवर्गात कपात झाल्याने पगारावर जगणारी हजारो घरे उघडी पडली, आणि भारतीय सैन्याच्या या ‘पोलीस कारवाई’नंतर मराठवाड्याच्या अनेक भागांत मुसलमानांवर झालेल्या हिंसाचारात, ज्याची नोंद पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, कारागीर आणि छोटे व्यापारी यांचे बस्तान कायमचे उखडले. उर्दू दप्तरावर पोसलेला लेखनिकांचा वर्ग एका पिढीत निरुपयोगी ठरला. या नुकसानीचा हिशेब एकीकरणाच्या खात्यावर फारसा मांडला गेलेला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. बाजारसमित्यांचे दोन वेगवेगळे कायदे १९६३ च्या महाराष्ट्र कायद्याने एक झाले आणि गेवराईचा मोंढा व नगरचा मोंढा एकाच नियमाखाली आले. कायदा एक झाला तरी रस्ते आणि रूळ जुन्या राज्याच्या दिशेनेच पडून राहिले होते. नगर-बीड-परळी या रेल्वेमार्गाची मागणी जुनी, मंजुरी १९९५ ची. नगरहून आष्टीपर्यंत गाडी धावली ती सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडला पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी.

मधल्या काळात जुनी सरहद्द ओलांडून सर्वांत जास्त संख्येने गेली ती माणसे. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढील दशकांत नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत कारखाने वाढत गेले, तसा त्यांचा ऊसतोड कामगार बीड जिल्ह्यातून येऊ लागला, कारण येथे खरिपानंतर हाताला काम नव्हते आणि जकातीच्या भिंतीआड वाढलेला कोणताही उद्योग जिल्ह्यात नव्हता. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून ‘उचल’, म्हणजे हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घ्यायची, नवराबायकोच्या जोडीचा एक ‘कोयता’ धरून करार करायचा आणि पोराबाळांसह गाडीत बसून पश्चिमेला जायचे, हा क्रम आष्टी-पाटोद्यापासून गेवराईपर्यंतच्या गावांत रुळला. कापसाच्या गाठींना ज्या वाटेवर शंभर वर्षे करोडगिरी द्यावी लागली, त्या वाटेवर या माणसांना कोणी अडवले नाही. परत येताना उचल फिटली नसेल तर पुढच्या हंगामाचा करार तेवढ्याच रकमेने जड होई.